वेल्ह्याच्या लॅबमधली पुसलेली नावं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, लेकीला नाही, रोज ज्यांच्यासोबत चहा पितो त्या मित्रांना तर नाहीच नाही. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. किंवा आता पोटात ठेवणं जमेना, म्हणून असेल. सांगता सांगता मी भरकटणार आहे, हे आधीच सांगून टाकतो. इकडचं तिकडचं बोलायला लागलो की ओळखा — मुद्दा जवळ आलाय आणि मला तो नको आहे.

मी भोरमध्ये एका शिक्षण संस्थेत कॉम्प्युटर सांभाळतो. कॉलेज भोरात, आणि शाळा भोर-वेल्ह्याच्या डोंगरात जिथं जिथं रस्ता जातो तिथं. कागदावर माझा हुद्दा मोठा इंग्रजी आहे. लोकांसाठी मी कॉम्प्युटरवाले विलास सर. मूळ आम्ही गुंजवण्याकडचे. भाताची खाचरं धरणाच्या पाण्याखाली गेली तेव्हा मी शिकत होतो. त्यानंतर वडील कुठंही चार माणसांत बसले तरी कडेला बसायचे. आपलं असं होऊ द्यायचं नाही, हे मी तेव्हाच ठरवलं होतं. सहानुभूती मिळावी म्हणून सांगत नाही. आपल्यावाचून कुणाचं तरी अडावं असं माणसाला का वाटतं, ते कळावं म्हणून सांगतोय — आणि खरं तर तेही कारण नव्हेच. जमीन गावात सगळ्यांचीच गेली. सगळ्यांनी काही माझ्यासारखं केलं नाही.

संस्थेत कॉम्प्युटर आले तेव्हा मी एक मशीन नीट तयार केलं आणि त्याचीच नक्कल बाकी सगळ्या मशीनवर उतरवली. काम झटपट झालं. पण त्यामुळं सगळ्या शाळांतल्या सगळ्या मशीनचा अ‍ॅडमिन पासवर्ड एकच झाला. अ‍ॅडमिन पासवर्ड म्हणजे मालकाची किल्ली. मुलं, शिक्षक आपापल्या पासवर्डनं आत येतात. पण नवीन काही टाकायचं, काढायचं, बिघडलेलं दुरुस्त करायचं, तर ही किल्ली लागते. आणि ती माझ्याकडं होती. पासवर्ड काय ठेवला होता सांगू? माझ्या लेकीचं नाव. ऋतुजा, आणि पुढं एक-दोन-तीन.

आता ही किल्ली गुपित राहायला हवी की नको? पण वेल्ह्याच्या शाळेत प्रिंटर अडला की तिथले शिपाई दगडूमामा मला फोन लावायचे. लॅबमध्ये रेंज नाही. रेंज मिळते ती बाहेर पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर. तिथं उभे राहून मामा ओरडायचे, "सर, त्यो पासवर्ड सांगा की! हितं समदे खोळंबल्यात!" मी एकेक अक्षर सांगायचो, आणि मामा लॅबच्या खिडकीकडं तोंड करून तेच अक्षर ठणाणा पुढं सांगायचे. आर! यू! टी! यू! — मैदानात कबड्डी खेळणारी पोरं, पलीकडच्या खाचरात काम करणाऱ्या बायका, सगळ्यांना माझ्या लेकीचं नाव इंग्रजी स्पेलिंगसकट पाठ झालं होतं. मग पुढच्या वेळी फोन करायची गरज काय होती? पण करायचे. सरांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, अशी रीतच पडली होती. आणि मला ती रीत फार आवडायची. फोन वाजला की मी लगेच उचलत नसे. थोडा वाजू द्यायचो. वेल्ह्याला गेलो की पोहे, चहा, निघताना पिशवीत नवा तांदूळ. थाट होता हो माझा!

मग एका वर्षी कुठल्याशा शाळेत कुणीतरी लग्नपत्रिका छापायला पेन ड्राइव्ह लावला आणि त्यातून व्हायरस शिरला. त्याला एका मशीनची किल्ली मिळाली, म्हणजे सगळ्यांचीच मिळाली. दुपारपर्यंत सगळ्या शाळांतली मशीन आडवी. निकालाच्या फायली गेल्या, शिक्षक रडकुंडीला आले. संस्थेच्या सचिवांना आम्ही आण्णा म्हणतो. आण्णा मला एका शब्दानंही बोलले नाहीत. पण थोड्याच दिवसांत त्यांनी माझ्या मदतीला म्हणून एक मुलगी कंत्राटावर घेतली. मदतीला! — मी कधी मागितली होती मदत?

तिचं नाव प्रज्ञा. आंबवड्याच्या बौद्ध कुटुंबातली. वडील एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक होते, आई अंगणवाडीत. पुण्यात शिकली, तिथं नोकरी केली, आणि वडिलांच्या आजारपणात गावाकडं परत आली. गरीब गाय वगैरे अजिबात नव्हती. मोठ्यानं हसायची, भराभर बोलायची, पटलं नाही तर आण्णांनाही तोंडावर सांगायची. स्टाफरूममध्ये तिच्या जातीवरून हलक्या आवाजात बोलणं व्हायचं. मी त्यात बोललो नाही. पण उठूनही गेलो नाही. चहा संपेपर्यंत बसून ऐकलं, आणि ऐकताना बरं वाटलं. हेही सांगून टाकतो. कबूल करायचं तर सोयीचं तेवढंच कशाला?

पहिल्याच आठवड्यात तिनं विचारलं, "सर, समद्या मशीनला एकच पासवर्ड?" मी म्हणालो, हो. ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. मला तिचा राग तरी उघड करता आला असता. ती नुसतं म्हणाली, "आपण प्रत्येकाचा वेगळा करू." इतक्या मशीनचे इतके पासवर्ड लक्षात कोण ठेवणार, असं मी विचारलं. तर म्हणाली, "कुणीच न्हाई, सर. हीच तर गंमत हाय."

गंमत अशी होती. भोरला एक मोठा सर्व्हर, त्याला सगळ्या शाळांची मशीन जोडलेली. सर्व्हरमध्ये प्रत्येक मशीनचं नाव. मशीन स्वतःच स्वतःचा एक अवघड, अर्थ नसलेला पासवर्ड तयार करणार, तो सर्व्हरमध्ये आपल्या नावाशी जपून ठेवणार, आणि ठरलेले दिवस झाले की आपोआप बदलणार. कधी गरज पडलीच तर सर्व्हर उघडायचा, त्या मशीनच्या नावावर जायचं, पासवर्ड बघायचा, काम करायचं आणि लगेच बदलून टाकायचा. बघायची परवानगी फक्त दोघांना — मला आणि तिला. कुणी कधी काय बघितलं, काय पुसलं, त्याची नोंदही सर्व्हर ठेवणार. आणि तिचा एक नियम होता: पासवर्ड कुठंही लिहून ठेवायचा नाही. मोबाईलमध्ये नाही, कागदावर नाही, तळहातावर नाही. एका मशीनला लागण झाली तर ती त्याच मशीनपाशी थांबली पाहिजे. बरोबर होतं की नाही? शंभर टक्के बरोबर होतं. हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, आणि म्हणूनच जास्त झोंबलं.

तिनं सगळं केलं. उन्हातान्हात एस.टी.नं, कधी टेम्पोनं शाळा-शाळा फिरली. येऊन मला सगळं समजावून सांगायची — सर, हे इथून बघायचं. सर, चुकून एखादं नाव पुसलं गेलं तर ते इथं टाकाऊत, म्हणजे रिसायकल बिनमध्ये, जाऊन पडतं, काही दिवस तिथं राहतं, तिथून असं परत आणायचं. माझ्याच खुर्चीशेजारी खुर्ची ओढून, माझ्याच माऊसवर हात ठेवून शिकवायची. मी मान डोलवायचो.

आणि माझा फोन बंद पडला. म्हणजे मोबाईल चालू होता, पण वाजेना. तुम्हाला हसू येईल — मी बायकोच्या मोबाईलवरून स्वतःला फोन करून बघितला होता, रिंग वाजते की नाही. प्रिंटर अडेनात, कारण तिनं ते न अडण्याची सोय करून ठेवली होती. वेल्ह्याला गेलो तर दगडूमामा म्हणाले, "आता वरडायचं काम न्हाई ऱ्हायलं, सर. मॅडमनी लई ब्येस केलंय." चहा आला, पण पोहे नाहीत. मी विचारलं नाही. मनात मात्र ठेवलं. पुढं कळलं की तिच्यासाठी पोहे झाले होते. पोह्यांचा हेवा करणारा माणूस तुम्ही कधी बघितलाय? मी आरशात रोज बघत होतो.

आण्णा मीटिंगमध्ये म्हणायचे, "पोरगी हुशार हाय. वर्ष संपलं की हिला कायम करून टाकू." माझ्याकडं बघत म्हणायचे, जणू मलाही त्याचा आनंद व्हायला हवा. मी हसायचो. जबडा दुखायचा.

तरी हे सगळं मी गिळलं असतं. खरंच गिळलं असतं? — माहीत नाही. पण ऋतुजाचं काय करू? ती तेव्हा भोरच्याच कॉलेजात कॉम्प्युटर घेऊन शिकत होती, आणि प्रज्ञा आठवड्यातून काही तास त्यांना शिकवायची. घरी जेवताना सुरू — मॅडम अशा म्हणाल्या, मॅडमनी असं दाखवलं. मॅडमसारखी खांद्यावर तिरपी बॅग. मॅडमसारखं मोठ्यानं हसणं. एक दिवस भाकरी मोडता मोडता मला म्हणाली, "पप्पा, सगळीकडं एकच पासवर्ड ठेवणं म्हणजे किती येडेपणा होता ना!" तिला वाईट म्हणायचं नव्हतं. तिचंच नाव होतं ते, त्याचाही तिला विसर पडला होता. मी ताटावरून उठलो नाही. पण त्या दिवसापासून मी प्रज्ञावर नुसता जळत नव्हतो, तिचं वाईट व्हावं अशी वाट बघायला लागलो होतो.

आधी छोटी छोटी सुरुवात केली. वेल्ह्याच्या गाडीची वेळ बदललेली मला माहीत होती, तिला सांगितली नाही. ती स्टँडवर ताटकळली. तिच्या कामाचं कौतुक कुणी केलं की मी म्हणायचो, "हो, चांगलंय — टिकलं म्हणजे झालं." हे "टिकलं म्हणजे झालं" मी इतक्या जणांना, इतक्या वेळा म्हटलं, की पुढं जे घडलं त्याची लोकांच्या मनात जागा आधीच तयार झाली होती.

बघा, भरकटलो. येतो मुद्द्यावर.

शिरवळकडच्या एका कंपनीला पोरं घ्यायची होती. प्रज्ञानंच कुठून तरी ओळख काढून त्यांना वेल्ह्याला यायला राजी केलं. पोरं भोरला येण्याऐवजी कंपनीच पोरांकडं येणार, वेल्ह्याच्या लॅबमध्ये ऑनलाइन परीक्षा होणार, आणि पास होतील त्यांना नोकरी. डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवरची पोरं-पोरी येणार होती. आण्णा खूश. वर्तमानपत्रात फोटो येणार. आदल्या दिवशी प्रज्ञा वेल्ह्याला जाऊन सगळी मशीन तपासून आली आणि टाकीच्या पायऱ्यांवरून तिनं मला फोन केला. "सर, समदं ओके! उद्या तुमी बी या की!" वाऱ्याचा आवाज येत होता तिच्या बोलण्यात. मी म्हणालो, बघू, इथं काम आहे.

फोन ठेवला तेव्हा ऊन कलायला आलं होतं. डबा खाऊन झाला होता, माझ्या खोलीत कुणी नव्हतं, बाहेर पोरांचा दंगा चालू होता. मी सर्व्हर उघडला. कशाला उघडला? — नुसता बघायला, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. वेल्ह्याच्या लॅबमधल्या मशीनची नावं एकाखाली एक. मी पहिल्या नावावर गेलो, मग सगळी निवडली. आणि पुसली.

हेच ते. एवढंच.

एवढंच म्हणतोय, पण त्याचा अर्थ काय होतो, ते मला पूर्ण माहीत होतं. सर्व्हरमधून मशीनचं नाव गेलं, की सर्व्हर त्या मशीनला ओळख दाखवत नाही. मुलांना, शिक्षकांना, कुणालाच आत येता येत नाही. अशा वेळी मशीन उघडायचं ते मालकाच्या किल्लीनं. पण प्रत्येकाची किल्ली सर्व्हरमध्ये त्याच्या नावाशीच ठेवलेली — नाव गेलं, तशी किल्लीही गेली. लिहून ठेवलेली कुठंच नाही, कारण तिचाच नियम. आडमार्गानं मशीन उघडायच्या वाटा होत्या, त्याही तिनंच नीट बंद केल्या होत्या. तिनं चांगलं काम केलं होतं म्हणूनच माझं वाईट काम इतकं बिनचूक झालं. ती शिकवत होती तेव्हा मी लक्ष देत नव्हतो असं तिला वाटलं असेल. मी सगळं नीट ऐकलं होतं.

सकाळी माझा फोन वाजला. किती दिवसांनी! आणि सांगायला लाज वाटते — स्क्रीनवर तिचं नाव बघून मी नेहमीच्या सवयीनं तो थोडा वाजू दिला.

"सर, वेल्ह्याचं एकपण मशीन आत घेईना. तुमी सर्व्हरवर बघता का?" मी समोर उघडून बसलोच होतो. म्हणालो, नावं दिसत नाहीत. ती भराभर सांगायला लागली — तारा काढून बघितल्या, घालून बघितल्या, पोरं बाहेर उभी आहेत, कंपनीची माणसं आलीत. आणि मग, "सर, टाकाऊत बघा ना. मी दाखवलं होतं तसं. तिथं असतील. परत आणा फक्त."

होती. तिथंच होती. सगळीच्या सगळी, माझ्या डोळ्यांसमोर. परत आणायला वेळ तो काय लागणार होता? एक उजवी क्लिक. प्रज्ञाला घामानं भिजलेला मोबाईल कानाला लावून टाकीच्या पायऱ्यांवर उभं राहावं लागलं नसतं, पोरांना कळलंही नसतं. आदल्या दिवशीचं एक वेळ मी रागाच्या भरात केलं असं म्हणता येईल. पण आता? आता माझा राग कुठं होता? मी शांत होतो. चहा प्यालो होतो.

मी म्हणालो, "तिथंही नाहीत, मॅडम."

कंपनीची माणसं जेवायच्या वेळेपर्यंत थांबली. मग गाडीत बसून गेली. त्यांनी परीक्षा दुसऱ्या कुठल्या तरी कॉलेजात घेतली. गुंजवण्याकडून आलेल्या पोरांत आमच्या भावकीतलाही एक होता. पहाटे उठून, इस्त्रीचा शर्ट घालून आलेला. दगडूमामांनी नंतर सांगितलं की पोरं आपापल्या चपला घालून निघून गेली. तेवढं ऐकून मी विषय बदलला.

प्रज्ञा वेल्ह्याहून निघाली ती नसरापूरला गाडी बदलून भोरला पोचेपर्यंत आण्णांचा पारा चढलेला होता. तिला सर्व्हरला हात लावायचा होता, बस्स. एकदा बघू द्या, म्हणत होती. आण्णा म्हणाले, "लई झाली तुमची हुशारी. आता हितनं फुडं सर्व्हर विलासरावांकडं." आणि मला म्हणाले, हिचा पासवर्ड बंद करा. मी बंद केला. तिच्यासमोर. ती माझ्याकडं बघत होती, पण रागानं नाही. मी तिच्या बाजूनं काहीतरी बोलेन, अशी तिला आशा होती. मी स्क्रीनकडं बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी मी वेल्ह्याला गेलो आणि एकेक मशीन पुसून नव्यानं भरलं. सगळ्यांना एकच पासवर्ड दिला, जुनाच. पोहे झाले. दगडूमामा म्हणाले, "शेवटी आपलं ते आपलंच, सर." आणि मी — मी त्या पोह्यांवर लिंबू पिळून मागितलं. असा माणूस आहे मी. आता तुम्ही मला ओळखता.

वर्ष संपलं तेव्हा तिचं कंत्राट पुढं गेलं नाही. जायच्या दिवशी ती माझ्या टेबलाशी आली. हातात डबा आणि ती तिरपी बॅग. हळू आवाजात म्हणाली, "सर, त्या दिवसाची नोंद बघितली का तुमी? कुणी पुसलं, कधी पुसलं, सर्व्हर समदं लिहितो." मी म्हणालो, "बघितली. काही सापडलं नाही. आपोआपच गेली असणार." तिनं विश्वास ठेवला. लगेच ठेवला! नोंदीत माझं नाव होतं, वेळेसकट. जुन्या नोंदींवर नव्या नोंदी चढत जातात आणि जुन्या नाहीशा होतात. माझी नोंद नाहीशी होईपर्यंत मी रोज कामावर आल्या आल्या आधी तेच बघायचो. ज्या दिवशी ती दिसेनाशी झाली त्या दिवशी मी घरी येताना भेळ घेऊन गेलो.

ऋतुजानं विचारलं होतं, "पप्पा, मॅडमचंच चुकलं का?" मी म्हणालो, "हो गं. फार आत्मविश्वास बरा नव्हे." पोरगी त्या दिवशी नीट जेवली नाही. पुढं एकदा बाजारात प्रज्ञा दिसली, तर ऋतुजानं ओळख न दाखवता मान वळवली — ज्या बाईसारखं तिला व्हायचं होतं, तिच्याकडं पाठ. मला वाटलं होतं त्या दिवशी माझी लेक मला परत मिळाली. आता ती पुण्यात चांगल्या नोकरीला आहे. कामावरच्या लोकांना सांगते, आमच्या पप्पांनी एकट्यानं सगळी संस्था सावरली. मी ऐकतो. खोडत नाही.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. दरम्यान संस्थेत दुसऱ्याच लोकांनी येऊन प्रज्ञानं केली होती तशीच व्यवस्था पुन्हा बसवली. कुणाला आठवलंही नाही की ती आधी होती. मी त्यांना सगळं नीट समजावून दिलं. मला येतच होतं.

आणि मग परवा भोरच्या स्टँडवर ती भेटली. मीच आधी बघितलं, आणि खांबाआड व्हावं असं वाटलं, पण तिनं हाक मारली — "विलास सर!" तसंच मोठ्यानं. केसांत पांढरं दिसत होतं. नसरापूरला खताच्या दुकानात हिशेब बघते म्हणाली. मी विचारलं, कॉम्प्युटरचं? म्हणाली, "ती लाइनच सोडली, सर. पुण्यात बोलावलं होतं एकदोन ठिकाणी. पण हात चालंना. कुठलं बी बटन दाबायच्या आधी वाटायचं, आपण काहीतरी इसरलोय." हे ती रडत सांगत नव्हती. गुडघा दुखतो असं सांगावं तसं सांगत होती.

मग म्हणाली, "एक विचारू? त्या वेल्ह्याच्या वेळी माझं काय चुकलं, ते पुढं कळलं का हो कधी? मी लई शोधलं. घरी बसून समदं पहिल्यापासनं आठवून बघितलं. मला अजून सापडलं न्हाई."

माझ्यासमोर ती उभी होती. आसपास ओळखीचं कुणी नव्हतं. आण्णा वारले, तिची नोकरी गेली त्याला जमाना झाला, माझी निवृत्ती तोंडावर आली. खरं बोललो असतो तर कुणी माझं काय वाकडं करणार होतं? काहीच नाही. भ्यायला कारणच नव्हतं. आणि मी काय केलं, सांगू? मी विचार केल्यासारखा चेहरा केला. म्हणालो, "हो, कळलं नंतर. जुन्या मशीनची नावं सर्व्हरनं किती दिवसांनी आपोआप पुसायची, याची मुदत असते ना, ती तुमच्याकडून फार कमी टाकली गेली होती."

अशी काही मुदत तिनं टाकलेलीच नव्हती. मी ती तिथं उभ्या उभ्या रचली.

ती बोटांवर काहीतरी मोजत राहिली. आठवत असावी. मग हळूहळू तिचा चेहरा मोकळा झाला, अगदी मोकळा, आणि ती म्हणाली, "असंल, सर. घाईत टाकली असंल मी. बरं झालं सांगितलंत. निदान कळलं तरी, माझं काय चुकलं ते." तिची गाडी लागली. चढताना तिनं वळून मला नमस्कार केला, आणि मी तो घेतला.

तिचं काहीही चुकलं नव्हतं. वेल्ह्याची नावं मी पुसली.